खोक्यावरचा आवाज आणि घाटातला आवाज

पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजची दुकानं लागतात. तिथे कधी हॉर्नचा खोका हातात घेऊन बघावा. पुढच्या बाजूला ठसठशीत आकडा असतो. नावाजलेल्या कंपनीच्या खोक्यावर तो १०५ ते ११८ डेसिबलच्या आसपास असतो. शेजारच्या बिननावाच्या खोक्यावर १५० असतो, आणि ऑनलाइन बाजारात तर ३०० डेसिबलचे हॉर्नही विकायला असतात. खरं तर आपल्या भोवतालच्या हवेत ध्वनीची लहर साधारण १९४ डेसिबलपर्यंतच जाऊ शकते. त्यापुढे तो आवाज राहत नाही, स्फोटाचा धक्का होतो. म्हणजे तीनशेचा हॉर्न खरा असता तर तो दुसऱ्यांदा वाजवायला कोणी उरलं नसतं. पण गिऱ्हाईक आकडा बघतं आणि दुकानदाराला ते ठाऊक असतं.

चिपळूणच्या एका तरुणाने गेल्या पावसाळ्याआधी असाच एक खोका घेतला. त्याचं पुढे काय झालं ते आता लोटे औद्योगिक वसाहतीच्या पार्किंगमध्ये बऱ्याच जणांना माहीत आहे, कारण मोठा हॉर्न बसवायचा विचार असलेला प्रत्येक जण आधी त्याच्याकडे येतो. तो कुणाला ‘बसवू नकोस’ म्हणत नाही. काय काय बघायचं ते सांगतो.

त्याचं कारण खरं होतं, हे आधीच नोंदवलेलं बरं. मोठा हॉर्न लावणाऱ्यांपैकी बहुतेकांना रस्त्यावर आपला रुबाब ऐकू जायला हवा असतो. याला ट्रकवाल्याला ऐकू जायला हवं होतं. चिपळूणहून लोट्याला जाताना मुंबई-गोवा महामार्गावर परशुराम घाट लागतो. रसायनांचे टँकर, कंटेनर, वाळूचे डंपर आणि मधूनच एसटी, या सगळ्यांतून हा १२५ सीसीची मोटारसायकल घेऊन शिफ्टला जातो. एका वळणावर ओव्हरटेक करणारा कंटेनर त्याच्या अंगावर आला. याने हॉर्नवर अंगठा दाबून धरला, पण गाडीच्या मूळ हॉर्नचा बारीक ‘पीं’ डिझेल इंजिनाच्या घरघरीत कुठल्या कुठे विरून गेला. मोटारसायकल साइडपट्टीवर उतरली म्हणून निभावलं. त्याच आठवड्यात तो दुकानात गेला.

“दादा, हा डबल घ्या. दुप्पट आवाज,” दुकानदार म्हणाला.

इथूनच सगळ्यांची फसगत सुरू होते. दोन सारखे हॉर्न एकदम वाजवले तर आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, पण डेसिबलच्या मापात ती वाढ फक्त ३ असते. माणसाच्या कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे ऊर्जा दहापट. डबल हॉर्नचा फायदा आहे, पण तो वेगळा आहे. एक हॉर्न साधारण ४०० हर्ट्झच्या जवळ वाजतो, दुसरा ५०० च्या जवळ. दोन सुरांची जोडी एकट्या सुरापेक्षा भरीव लागते आणि गोंगाटातही वेगळी ऐकू येते. दुकानदार याला ‘हाय-लो’ म्हणतात. लावायचा असेल तर ही जोडी लावावी. तीही आकड्यासाठी नव्हे.

आणि आकडा मोजलाय कुठून, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. हॉर्न सुटा मोजताना त्याच्यापासून २ मीटरवर मोजण्याची पद्धत आहे. गाडीवर बसवल्यावर मोजतात ते गाडीच्या पुढे ७ मीटरवरून. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. या हिशेबाने २ मीटरवर ११८ असलेला हॉर्न ७ मीटरवर १०७ च्या घरात येतो. खोक्यावरचा १५० हा आकडा बहुधा कुठूनच मोजलेला नसतो.

दुकानातून खोका गेला कोपऱ्यावरच्या वायरमनकडे. “काका, जोरात वाजला पाहिजे.” काकांनी मूळ हॉर्न काढला, त्याचे दोन कपलर कापले, नव्या जोडीच्या वायरी त्यांना पिळून जोडल्या, वरून काळी टेप मारली. पंधरा-वीस मिनिटांचं काम. चावी फिरवून बटण दाबलं तेव्हा समोरच्या चहाच्या टपरीवरचे सगळे वळून बघायला लागले. पैसे वसूल झाल्यासारखं वाटायला तेवढं पुरतं.

आता या वीस मिनिटांत झालं काय, ते नीट बघण्यासारखं आहे, कारण महाराष्ट्रातल्या कुठल्याही नाक्यावर आज हेच चाललेलं दिसेल. लहान मोटारसायकलचा मूळ हॉर्न दीड-दोन अँपिअर करंट घेतो. हँडलवरचं बटण, त्याच्या आतल्या पितळी पट्ट्या, तिथून निघणारी बारीक वायर, हे सगळं तेवढ्यासाठीच बनवलेलं असतं. शिंगासारख्या तोंडाचे, बाजारात ‘विंडटोन’ म्हणतात ते हॉर्न प्रत्येकी पाच अँपिअरच्या आसपास घेतात. जोडीचे दहा. बारा व्होल्टला दहा अँपिअर म्हणजे १२० वॅट. याच गाडीचा हेडलाइट ३५ वॅटचा असतो. तीन हेडलाइटांपेक्षा जास्त भार आता अंगठ्याखालच्या एका इवल्याशा बटणातून जाऊ लागला, आणि दर वेळी बटण सोडताना त्या पट्ट्यांमध्ये ठिणगी पडू लागली.

पहिले काही दिवस मजेत गेले. मग बटण गरम लागायला लागलं. मग आवाज कधी पूर्ण, कधी घोगरा. त्याला वाटलं, पावसामुळे असेल. त्यात थोडं तथ्यही होतं. काकांनी शिंगांची तोंडं वर करून बसवली होती, त्यामुळे दिसायला छान, पण कोकणच्या पावसात ती दोन भांडीच झाली. विंडटोनचं तोंड नेहमी खाली किंवा तिरकं खाली हवं, म्हणजे शिरलेलं पाणी निथळून जातं. पडदा गंजला की हॉर्न आधी घोगरा होतो, मग मुका.

एका संध्याकाळी बहादूरशेख नाक्यावर गर्दीत त्याने बटण दाबलं आणि सोडलं. हॉर्न थांबला नाही. बटणातल्या पट्ट्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. पुढचा रिक्षावाला मागे वळून बघतोय, बाजूचा डंपरवाला हात हलवतोय, ट्रॅफिकचा हवालदार चालत येतोय, आणि हा बटणावर ठोसे मारतोय. चावी बंद केली तेव्हा आवाज गेला. गाडी ढकलत बाजूला घेताना हँडलजवळून जळक्या प्लास्टिकचा वास येत होता.

चावी बंद केल्यावर हॉर्न थांबला, हे त्याचं नशीब. कित्येक ठिकाणी हॉर्नची वायर थेट बॅटरीवरून ओढलेली असते, बटणाच्या लाइनला चावीचा अडसरच नसतो, आणि मध्ये फ्यूजही नसतो. तसं असतं तर टूलकिट काढून बॅटरीची वायर सोडवेपर्यंत नाका ऐकत बसला असता. किंवा वायरच पेटली असती.

गॅरेजमध्ये हेडलाइटची खोळ उघडली तेव्हा हॉर्नच्या वायरीचं आवरण वितळून शेजारच्या दोन वायरींना चिकटलेलं निघालं. त्यातली एक हेडलाइटची होती. म्हणजे आणखी काही दिवस गेले असते तर रात्रपाळीहून परतताना घाटात दिवाच गेला असता. बटणाचा संपूर्ण संच बदलावा लागला, वायरिंगचा पुढचा भागही. गाडी वॉरंटीत होती. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने कापलेले कपलर आणि काळी टेप बघितली आणि जॉबकार्डावर ‘बाहेरचं वायरिंग’ असं लिहून वॉरंटीचा विषय संपवला. यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. विम्याचंही असंच आहे. गाडीतला असा बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल आणि शॉर्ट सर्किटने आग लागली, तर दावा अडवायला तिच्या हाती कारण आयतं येतं.

दुसऱ्या खेपेला हॉर्न बसला तो रिलेवर. हा शब्द वायरमनच्या तोंडी रोज असतो, पण ‘रिले टाका’ म्हटलं की बरेच जण ‘त्याची काय गरज?’ असं म्हणून दोनशे-तीनशे रुपये वाचवतात. रिले म्हणजे करंटवर चालणारा स्विच. बटणातून फक्त त्याच्या आतल्या गुंडाळीपुरता, अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट जातो. गुंडाळी आतली जाड पट्टी ओढते आणि हॉर्नचा खरा करंट बॅटरीतून जाड वायरीने थेट हॉर्नला पोचतो. रिलेच्या खाली चार पिना असतात आणि प्रत्येकीवर आकडा कोरलेला असतो. ८५ आणि ८६ या गुंडाळीच्या. त्यांना गाडीच्या मूळ हॉर्नच्या दोन वायरी जातात. ३० ला बॅटरीकडून येणारी वायर. ८७ वरून हॉर्नला. हॉर्नची दुसरी बाजू अर्थला, आणि अर्थ म्हणजे रंग खरवडून घट्ट आवळलेला बोल्ट, रंगावर टेकवलेली वायर नव्हे.

मूळच्या दोन्ही वायरी ८५-८६ ला देण्यात एक शहाणपण आहे. काही गाड्यांत बटण प्लस तोडतं, काहींत अर्थ. दोन्ही वायरी तिथे गेल्या की गाडी कुठल्या जातीची आहे याची चिकित्सा करावी लागत नाही. रिलेच्या आत डायोड असेल तर मात्र बाजू बघावी लागते, प्लस ८६ लाच हवा. डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले घेणं बरंच. गुंडाळीचा करंट तुटताना उलटा झटका बसतो आणि हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांना तो सोसत नाही.

बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज हवा. दहा अँपिअरच्या जोडीला १५ चा. फ्यूज रिलेपाशी लावणारे पुष्कळ भेटतात. त्याने हॉर्न सुरक्षित राहतो, बॅटरी ते रिले ही वायर मात्र उघडी पडते आणि घासून शॉर्ट होते ती नेमकी तीच. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, तांब्याची. आणि मूळचे कपलर कापायचे नाहीत. त्यांत बसतील अशा पिना बाजारात मिळतात, तयार ‘हॉर्न हार्नेस’ही मिळतो. पुढे वॉरंटीचं काम निघालं, गाडी विकायची झाली किंवा पासिंगला न्यायची झाली, तर नवा हॉर्न उतरवून जुना पाच मिनिटांत परत लागला पाहिजे.

बसवताना ज्याकडे कोणाचं लक्ष नसतं ती गोष्ट म्हणजे हँडल. गाडी सरळ उभी असताना सगळं छान दिसतं. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघितलं की कळतं, वायर स्टिअरिंगच्या मानेत चेपतेय की नाही आणि शिंग मडगार्डला लागतंय की नाही. हॉर्नला कंपनीने दिलेली पट्टी लवचिक पोलादाची असते. ती काढून हॉर्न थेट चॅसीवर आवळला, किंवा त्याचं अंग कुठेही टेकलं, तर पडदा मोकळा थरथरत नाही आणि आवाज दबतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘हॉर्न डुप्लिकेट निघाला.’

मोटारगाडीचं प्रकरण याहून नाजूक आहे. नव्या कारमध्ये हॉर्नचं बटण थेट हॉर्नशी बोलत नाही. ते एका कंट्रोल युनिटला सांगतं आणि ते युनिट रिले चालवतं. रिले मुळातच असतो म्हणून काम सोपं वाटतं, पण त्या लाइनचा फ्यूज आणि वायर मूळ हॉर्नच्या मापाचे असतात. फ्यूज उडायला लागला की मोठा फ्यूज टाकायचा, हा नाक्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे आगीला दिलेलं आमंत्रण. शिवाय मोठी शिंगं रेडिएटरपुढे हवेची वाट अडवतात. इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांनी तर आणखी जपावं. तिथे बारा व्होल्टची लाइन मोठ्या बॅटरीतून एका कन्व्हर्टरमार्फत येते आणि त्या कन्व्हर्टरची ताकद मोजकी असते. हॉर्न दाबला की दिवे मंदावत असतील, तर तो इशाराच समजावा.

पण या सगळ्याआधी एक काम असतं, जे या तरुणाने केलं नव्हतं आणि आता तो दुसऱ्यांकडून आधी करून घेतो. आहे तो हॉर्न का रडतोय ते बघणं.

हॉर्नच्या आत एक गुंडाळी, एक पोलादी पडदा आणि एक संपर्कबिंदू असतो. करंट आला की पडदा ओढला जातो, ओढला गेला की संपर्क तुटतो, तुटला की पडदा परत येतो. हे सेकंदाला चारशेएक वेळा. इतकी उठाठेव झाल्यावर बिंदूवर काजळी धरणारच. बऱ्याच हॉर्नच्या मागे एक छोटा स्क्रू असतो, त्यावर रंगाचा किंवा लाखेचा ठिपका असतो. तो पाव फेरा इकडे-तिकडे फिरवून आवाज उघडता येतो. एका वेळी पाव फेराच, आणि फिरवल्यावर लगेच वाजवून बघायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्होल्टेज. मल्टिमीटरची दोन टोकं हॉर्नच्या दोन पिनांना लावून बटण दाबायचं. बारा व्होल्ट दिसले तर हॉर्नच थकलाय. नऊ-दहाच दिसले तर हॉर्नचा काही दोष नाही. कुठेतरी गंजलेला कपलर, ढिली अर्थ किंवा म्हातारी बॅटरी आहे, आणि त्याच वायरीवर महागाचा हॉर्न लावला तर तोही रडेल. कोकणात, दोन-तीन पावसाळे खाल्लेल्या गाडीत, बहुतेक वेळा अर्थच निघते. सँडपेपरचा तुकडा आणि पाच मिनिटं.

कायद्याकडे हा तरुण उशिरा वळला. पहिल्या हॉर्नचं वायरिंग जळाल्यावर एका मित्राने त्याला ‘म्युझिकल’ सुचवला होता, घाटात सगळ्यांना कळेल म्हणून. लक्झरी बस आणि मालट्रक ज्या थाटात वाजवतात तो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११९ क्रमांकाच्या नियमात त्याला मनाई आहे. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न चालत नाही, आणि कर्कश, किंचाळणारा, अवाजवी मोठा किंवा घाबरवणारा आवाज करणारं कुठलंही साधन चालत नाही. सूट आहे ती रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा ठरावीक वाहनांना. हाय-लोची जोडी एकदमच वाजते, तिच्यात सुरांची मालिका नसते. त्यामुळे ती आवाजाच्या मर्यादेत असेल तर या कलमात अडकत नाही. मर्यादा म्हणजे ७ मीटरवरून साधारण ९३ ते ११२ डेसिबल. कमी ताकदीच्या दुचाकींसाठी खालची मर्यादा आणखी सैल आहे. हवेच्या टाकीवर चालणारा प्रेशर हॉर्न खासगी गाडीवर लावून या चौकटीत राहणं जवळपास अशक्य.

दंडाची कलमं २०१९ च्या दुरुस्तीनंतर जड झाली आहेत. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवणं, किंवा मनाई असलेल्या भागात वाजवणं, यासाठी कलम १९४-एफ प्रमाणे पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये. आवाजाची मानकं मोडणारी गाडी चालवली तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स बंद, इथवर जाता येतं. नियमाबाहेरचा भाग बसवून गाडीत फेरफार करणाऱ्या मालकासाठी १८२-ए आहे, प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. नाक्यावर प्रत्यक्षात पावती कुठल्या कलमाची फाटते हे त्या दिवसावर असतं. पण बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांतून छापून आलेत. हॉर्नची पाळी यायला फार वेळ लागत नाही.

याच्या जोडीला ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. तिथे आणि निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६, सार्वजनिक आणीबाणी वगळता, हॉर्न वाजवायचाच नाही. हॉर्न लहान की मोठा याचा तिथे प्रश्नच येत नाही. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शंभरीपार गेलेला हॉर्न आळीत एकदा वाजला की काय होतं, ते या तरुणाला कलमांनी नव्हे, समोरच्या आजींनी सांगितलं होतं. “अरे बाबा, तू रात्रपाळीवरून आलास हे सगळ्या आळीला कळायलाच पाहिजे का? नातू दचकून उठतो, मग तासभर झोपत नाही.”

हॉर्नच्या आवाजाबद्दल आपल्याकडे प्रयोगही कमी झालेले नाहीत. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवायला महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये मनाई केली. मुंबई वाहतूक पोलिसांनी २०२० च्या जानेवारीत ‘पनिशिंग सिग्नल’चा व्हिडिओ आणला. सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता आणि वांद्रे इथल्या सिग्नलांना आवाजमापक जोडलेले, गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा सुरुवातीपासून. २०२१ मध्ये नाशिकच्या कार्यक्रमात नितीन गडकरींनी हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन असे भारतीय वाद्यांचे सूर यावेत, असा मनोदय बोलून दाखवला. कल्पना गोड आहे. पण घाटात समोरून चुकीच्या बाजूने येणाऱ्या टँकरला बासरी ऐकू येईल का, ही शंका कोकणातल्या माणसाला आल्यावाचून राहत नाही. हॉर्न कानाला टोचतो तो मुद्दामच. दोन-अडीच ते साडेतीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात माणसाचा कान सर्वांत तल्लख असतो, आणि चपट्या डिस्क हॉर्नमध्ये नेमक्या त्याच पट्ट्यात थरथरणारी एक वेगळी चकती बसवलेली असते. मंजुळ केला की तो पोचायचा नाही, पोचेल असा केला की मंजुळ राहायचा नाही.

तर मग घाटातल्या ट्रकवाल्यापर्यंत आवाज पोचला का? रिलेवर नीट बसवलेली, नियमात बसणारी जोडी घेऊन हा तरुण आता त्याच परशुराम घाटातून जातो. त्याचं म्हणणं असं की मोकळ्या केबिनच्या जुन्या ट्रकपर्यंत तो पोचतो. काचा बंद करून, एसी लावून, मोठ्याने गाणी ऐकत जाणाऱ्या कंटेनरवाल्यापर्यंत तो पोचेलच, याची खात्री नाही. तेवढ्या आवाजाचा हॉर्न बसवायचा तर अलीकडच्या पादचाऱ्याचे कान जातील. शिवाय मोटारसायकलचा हॉर्न पुढे तोंड करून असतो. वळणापलीकडच्या गाडीला तो कड्यावरून परतून, जसा जमेल तसा पोचतो.

त्याने आणखी एक गोष्ट टिपली, आणि या सगळ्या प्रकरणात मोलाची तीच आहे. मोठा हॉर्न आल्यापासून त्याचा अंगठा आधी चालायला लागला होता आणि ब्रेकची बोटं नंतर. आधी समोर काही आडवं आलं की हात ब्रेकवर जायचा, कारण हॉर्नवर भरवसाच नव्हता. आता हॉर्न दाबून तो वाट बघायचा की पुढचा बाजूला होतोय का. हिशेब सोपा आहे. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. समोरच्याने हॉर्न ऐकून, काय झालंय ते समजून, पाय हलवेपर्यंत दीड सेकंद तरी जातो, म्हणजे २० मीटर गेले. भरलेला टँकर त्यानंतर थांबायला लागणार, तेही उतारावर. हे २० मीटर हॉर्न वाजवण्यात घालवायचे की ब्रेक दाबण्यात, हा निवड करण्याचा प्रश्नच नाही. मोठ्या हॉर्नने मात्र त्याला क्षणभर तसं वाटायला लावलं होतं.

म्हणून आता तो घाटात हॉर्न वाजवतो तो वळणाच्या बराच आधी, दोनदा, थोडक्यात, आणि मग कान देतो. वाजवताना वेग आधीच उतरलेला असतो. समोरून उत्तर आलं की डाव्या कडेला सरकायचं, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. दाबून धरलेला लांबलचक हॉर्न वळणापलीकडच्याला आपण कुठे आहोत ते सांगत नाही आणि त्याचा हॉर्न आपल्याला ऐकूही देत नाही. गावात शिरल्यावर बटणाला बोट लागत नाही. आजींची तक्रार बंद झाली त्यालाही आता बरेच दिवस झाले.

लोट्याच्या पार्किंगमध्ये परवा एक नवा मुलगा आला होता. हातात खोका, त्यावर १५० डेसिबल. “दादा, हा कसा आहे?” याने खोका न उघडता त्याच्या गाडीची चावी मागितली, आपल्या पिशवीतून मल्टिमीटर काढला, हॉर्नच्या पिनांना लावला आणि बटण दाबायला सांगितलं. साडेनऊ व्होल्ट. मग अर्थचा बोल्ट शोधला. तो रंगावरच आवळलेला होता आणि गंजून हिरवा झाला होता. घासून परत आवळल्यावर पावणेबारा. मुलाच्या गाडीचा जुना हॉर्न पार्किंगच्या टोकाला उभ्या असलेल्या वॉचमनने मान वळवण्याइतका वाजला.

“मग याचं काय करू?” मुलाने खोका दाखवला.

“बिल आहे ना? दुकान साडेआठला बंद होतं.”